आमेन न म्हणणारे साडू

सबंध कोल्हापूर जिल्ह्यात देवासमोर बसून देवाशी चकार शब्द न बोलणारा एकच ख्रिस्ती माणूस आहे, आणि तो नेमका थोरला साडू म्हणून माझ्या वाट्याला आला आहे. जन्माचे अबोल असते तर मी काही म्हटलं नसतं. पण उभी हयात यांनी मार्केट यार्डात गुळाचे सौदे पुकारले. यांचा आवाज चढला की ढेपांवरच्या माश्या उडायच्या. निवृत्त झाले, फादर लोकांच्या कुठल्याशा शिबिराला आठवडाभर गेले आणि तिथून ही मौन प्रार्थना घेऊन आले. मनातल्या मनात एक शब्द धरायचा, मन भरकटलं की पुन्हा त्या शब्दावर यायचं, बाकी गप्प. मी विचारलं, "एका शब्दात काय भागतंय? आम्ही एका प्रार्थनेत मंडळीतले आजारी, दहावीची पोरं, पंचगंगेचा पूर आणि दिल्लीचं सरकार, सगळं उरकतो." तर म्हणाले, "पावणं, त्येला समदं ठावं हाय की. मी नुसता जाऊन बसतो." हे काय उत्तर झालं? डॉक्टरलाही सगळं ठाऊक असतं, म्हणून दवाखान्यात नुसतं जाऊन बसायचं का?

आमच्या चर्चच्या मंडळीत दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. गोल बसायचं, एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची, एकाचं आमेन झालं की शेजारच्यानं सुरू करायचं. वाडवडिलांपासूनची सोपी रीत. पण साडूंची पाळी आली की गाडं तिथंच रुततं. आमेनच नाही, तर पुढच्यानं तोंड कधी उघडायचं? एकदा आमच्याच घरी असं झालं. आत तांबड्या रश्श्यावरचा तवंग थिजायला लागला. मी हळूच एक डोळा उघडला, तर पाळकसाहेबांचाही एक डोळा उघडा! शेवटी साडूंच्या शेजारच्या बाईंना वाटलं, यांना भोवळच आली. त्यांनी तांब्यातलं पाणी सपकन यांच्या तोंडावर मारलं. साडूंनी सावकाश तोंड पुसलं आणि म्हणाले, "आमेन." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं माझी बायको हसली, आणि मला त्याचाही राग आला.

इथवर मी चालवून घेतलं. पण गेल्या वर्षी बायकोला पक्षाघात झाला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, परत येईलही, सांगता येत नाही. आता अशा वेळी देवाचं दार ठोठावायचं की नाही? मंडळीतली माणसं येत, पलंगाभोवती उभी राहून घसा फोडून तिची वाचा मागत. मीही मागत होतो. ती भिंतीकडे बघत पडून राही. आणि साडू? रोज चारच्या सुमाराला यायचं, तिच्या उशाशी खुर्ची ओढायची आणि डोळे मिटायचे. एक दिवस मी पेटलोच. "अहो, सख्ख्या मेव्हणीची वाचा गेलीय! गुळासाठी एवढं ओरडलात, तिच्यासाठी दोन शब्द निघत न्हाईत व्हय?"

त्यांनी डोळे उघडले. "तिला बी आता बोलता येत न्हाय, पावणं. गप बसाय सोबत नगो?"

मी चहासुद्धा न विचारता आत निघून गेलो. पडद्याआडून बघितलं, तर बायकोनं डोळे मिटले होते आणि तिच्या कपाळावरची आठी गेली होती. मी रात्रंदिवस तिची उस्तवार करणार, मी देवाच्या विनवण्या करणार, आणि निवांतपणा मिळणार तो या माणसाकडून! कुठला न्याय हा?

परवा साडू लेकीकडे गारगोटीला गेले. म्हटलं, सुटलो. चारच्या सुमाराला बायकोनं डाव्या हातानं रिकाम्या खुर्चीवर थाप मारली. मी बसलो. डोळे मिटले. मनात गॅसचा सिलिंडर, संपत आलेल्या गोळ्या, शेजाऱ्यांनी दारात आडवी लावलेली गाडी. एक शब्द धरायचा म्हणे! मला काही ते जमेना. मी आपला नेहमीसारखा मोठ्यानं सुरू झालो, "हे दयाळू पित्या, हिची वाचा..." तेवढ्यात तिचा डावा तळहात माझ्या तोंडावर आला. तिनं तो काढला नाही. तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं, वाचा आता येणार नाही हे तिनं कधीच ओळखलंय आणि मागणंही सोडलंय. मी तेवढा रोज तिच्या कानाशी तेच मागत बसलो होतो. मला रडू आवरेना. तिच्या हाताखाली आवाज न करता रडलो.

संध्याकाळी साडूंना फोन लावला आणि चांगलंच फैलावर घेतलं. "लेकीकडं कायमचं ऱ्हायला गेलाय काय? हितं माणूस वाट बघतंय. मला न्हाय जमत तुमचं ते बसणं. ती बरी व्हणार न्हाय, पावणं." पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. बघा, फोनवरसुद्धा हा माणूस बोलत नाही! चिडून फोन बंद करायला गेलो, आणि तसाच कानाशी धरून कितीतरी वेळ बसून राहिलो.