गुरुवारी भोंगा नसतो

वहिनी गेल्याची बातमी मला कुणी सांगावी लागली नाही. दुपारी गजर झाला, मी नेहमीसारखे त्यांच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घालून त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, आणि हातांनाच कळलं... दीड महिना झाला त्याला.

माझी आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली तेव्हा थोरल्या भावाची ही बायको घरात नवीनच होती. दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. चाकणकडच्या शेतकऱ्याघरच्या वहिनींना घड्याळ कळत नव्हतं. पण आमच्या चिंचवडच्या खोल्यांत तीन-चार कंपन्यांचे भोंगे ऐकू यायचे. शिफ्टचा, जेवणाचा, सुटायचा, दोन तासांत कुठला ना कुठला वाजायचाच. वाजला की वहिनी हाताचं पीठ झटकून आईकडं. सहा वर्षं आईच्या पाठीवर ओरखडा नव्हता.

मग एकदा त्या दिवसभरासाठी माहेरी गेल्या. मला सुटी होती. "भोंगा झाला की आत्याबाईंना फिरवा, भावजी," एवढंच सांगून गेल्या. मी कंपनीत हुशार फिटर म्हणून नावाजलेला! पेपर घेऊन, कान टवकारून बसलो. आईची वाचा गेलेली, ती नुसती माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, चहा हवाय. दोनदा पाजला.

संध्याकाळी वहिनी परतल्या. "किती येळा फिरवलं?"

"भोंगा झालाच कुठं?"

"आवं, आज बेस्तरवार न्हाई का! कंपन्या बंद. मंग तुमी घरी कशापायी हाय?" हसता हसता त्यांनी आईला वळवलं. माकडहाडावर लाल डाग उठला होता. "बेस्तरवारी मी उंबऱ्यावरची सावली बघती," त्या हळूच म्हणाल्या. "सांगायचं माझ्याच ध्यानात न्हाई ऱ्हायलं."

त्या डागाची जखम झाली. ती भरली नाही. आई होती तोवर वहिनी रोज ती धूत राहिल्या, आणि दादाला सांगितलं, "उन्हाळ्यानं झालंय." मी शेजारी उकळलेल्या फडक्याच्या पट्ट्या धरून उभा.

गेल्या वर्षी वहिनींनाच अर्धांगवायूचा झटका आला. दादा आधीच गेलेला, मूलबाळ नाही, आम्हीच त्यांचे. मी गजराचं घड्याळ आणलं. गजर झाला की धडपडत यायचो, तर त्यांचं अर्धं तोंड हसायचं. "भावजी... आज बेस्तरवार हाय."

"असू दे. वळा."

यापलीकडं करण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टर यायचे, नाडी बघायचे, माझ्याकडं न बघता चपला घालायचे. त्या वाळत चालल्या होत्या आणि मी वळवत होतो...

शेवटची अंघोळ घालून माझी बायको बाहेर आली. "पाठ अगदी स्वच्छ होती हो," म्हणाली. तेव्हा मला रडू फुटलं. लोकांना वाटलं, वहिनींसाठी.

घड्याळ अजून रिकाम्या खाटेशेजारी आहे. इतर दिवशी किल्ली द्यायची राहते. गुरुवारी मात्र आठवणीनं देतो. गजर झाला की उठतो, खाटेपाशी जातो आणि चादर तेवढी पालटून घालतो.