एवढ्याशा चिरेचे पेशंट

मुलुंडला हृदयाच्या वॉर्डात बारा वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काढली की किस्से आपोआप साचतात. घरी सांगायला जावं तर नवरा म्हणतो, जेवताना नको. म्हणून तुम्हाला सांगते.

पूर्वी छातीचं हाड कापूनच ऑपरेशन व्हायचं. पुढे दोन-तीन महिने कुशीवर झोपायचं नाही, वजन उचलायचं नाही. आता बऱ्याच जणांचं काम बरगड्यांमधल्या छोट्या चिरेतून होतं. माणूस लवकर चालायला लागतो आणि तिथूनच घोटाळे सुरू होतात!

*

कांजूरमार्गच्या सावंतकाकांना मी तिसऱ्याच दिवशी कॉरिडॉरमध्ये फिरवत होते. जागरणाने थकलेला त्यांचा मुलगा डोक्यावर पांघरूण घेऊन त्यांच्याच पलंगावर आडवा झाला होता. तेवढ्यात कणकवलीहून मुलाचे चुलते आले. त्यांनी उशाशी शहाळी ठेवली, हात जोडले आणि ते डोळे टिपत बसले. सावंतकाका त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

"एक शहाळा माका पण द्या. ऑपरेशन माजा झाला हा."

*

घाटकोपरच्या एक शिक्षिका महिन्याभरात सोसायटीच्या हळदीकुंकवाला गेल्या. चेहरा एवढा टवटवीत की ऑपरेशन झालंय हे कुणी मानेना. टाके दाखवावेत, तर जागा अशी की चारचौघींत दाखवता येईना. शेवटी माझ्याकडे आल्या आणि लेटरहेडवर लिहून मागितलं.

*

मालाडच्या बाजारात मासळी विकणाऱ्या हिराबाईंची झडप खराब झाली होती, तरी त्या ऑपरेशनला तयार नव्हत्या. बाजारातली बसायची जागा सासूकडून आलेली. तीन महिने पाटी उचलली नाही तर तिथे दुसरी कुणीतरी बसणार, ही धास्ती. मला तर त्यांची फार काळजी वाटायची. आमच्या सर्जन सरांनी समजावलं, हाड कापणार नाही, लवकर कामाला लागाल. तेव्हा कुठे त्यांनी अंगठा उठवला.

दीड महिन्याने तपासणीला आल्या. रिपोर्ट चांगले होते. सरांनी हळूहळू पाटी उचलायला परवानगी दिली, आणि मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या.

हिराबाई मात्र उठल्या नाहीत. रोज पहाटेपासून मासळीवर सुरी चालवणारी बाई ती. त्यांनी सरांचे हात हातात घेतले, उलटसुलट करून नीट पाहिले. आमचे सर असे, की त्यांच्या घरात कांदासुद्धा येत नाही.

"एवढ्याशा चिरेतून आतलं सगळं साफ केलंस," हिराबाई म्हणाल्या. "माजी जागा मी सख्ख्या जावेला नाय दिली. पन तू ये. मी जरा सरकून बसते."