आतोबांची चिमूट

गिरगावापासून शिवडीपर्यंत जमिनीखालून वाहणारं पाणी ज्या एका माणसाला वचकून असे, तो माणूस म्हणजे माझे आतोबा. आणि त्या माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास ज्याने घालवला, तो मी. हे आधीच सांगून टाकतो. कारण त्यांच्या गमती सांगू लागलो की मी रंगात येतो आणि माझा गुन्हा मलाच विसरायला होतो. तसा तो मी बरीच वर्षं विसरूनही पाहिला आहे.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. फोर्टातल्या एका कचेरीत त्यांनी उभा जन्म कारकुनी केली, पण ती आपली पोटासाठी. जीव विहिरींत. आमच्या गिरगावातल्या वाडीच्या मध्यावर एक विहीर होती. तिच्यावर डासांसाठी लोखंडी पत्र्याचं झाकण बसवलेलं, झाकणाला कुलूप, आणि कुलपाची किल्ली आतोबांच्या जानव्याला. नळ सकाळी तासभर यायचा आणि उन्हाळ्यात तेवढाही धड यायचा नाही. मग धुणीभांडी, अंघोळी सगळं विहिरीवर. त्यामुळे पहाटे उठून वाडीतल्या बायका आधी आतोबांचं दार वाजवत आणि मग देवाला हात जोडत. आतोबा किल्ली कुणाच्या हातात देत नसत. स्वतः जाऊन कुलूप काढत, पहिली घागर स्वतः ओढत आणि ओंजळीतलं एक चूळभर पाणी तोंडात घेऊन आकाशाकडे बघत उभे राहत. बायका बादल्या घेऊन तिष्ठत असत. ते पाणी या गालातून त्या गालात फिरवत, थुंकत आणि निकाल देत: "आज जरा मचूळ आहे. समुद्राला भरती असणार. भरा." ते "भरा" म्हणेपर्यंत एकही बादली विहिरीत पडत नसे.

त्यांची कीर्ती वाडीबाहेर कशी गेली ते ठाऊक नाही, पण दादरचे, परळचे, माझगावचे विहीरवाले त्यांना बोलवायला येत. डॉक्टर आधी रोग्याला तपासतो. आतोबा आधी घरातल्या बाईला तपासत. "डाळ शिजायला किती वेळ लागतो? साबणाला फेस येतो की नुसता साका धरतो? धोतरं पिवळी पडतात ती धुताना की वाळल्यावर?" घरचे पुरुष मधे तोंड घालू लागले की म्हणत, "तुम्ही फक्त पाणी पिता हो. पाणी ओळखतात त्या या." मग खिशातून पेरूचं पान काढायचं, चुरगळून पेल्यात टाकायचं, पाणी काळंजांभळं झालं की पाण्यात लोखंड आहे. एक बाटली भरून फडताळात ठेवायला सांगायची आणि तीन दिवसांनी येऊन तळाशी काय बसलंय ते पत्रिका बघावी तसं बघायचं. दादरला एका लग्नात पंगतीला बसले असताना पाण्याचा पहिला घोट घेऊन त्यांनी यजमानांना हाक मारली आणि सगळ्या पंक्तीसमक्ष सांगितलं, "तुमच्या विहिरीत पितळेचं भांडं पडलंय. कल्हई उडालेलं." यजमान रागावले. चार दिवसांनी गळ टाकला तर तांब्या निघाला. आत्या पुढे कितीतरी दिवस म्हणत होती, "तांब्या निघाला ते ठीक. पण त्यांच्याकडून आपल्याला मिळायचा आहेर राहिला तो राहिलाच."

परळला गिरणीवाल्यांच्या एका चाळीत मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. तिथल्या विहिरीला घाण येत होती. एक मालवणी बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "दादानू, ह्या पाण्याक कुसक्या अंड्याचो वास येता. वषाट, मासळी शिजवक होया म्हणून आमी पाणी उपसतव काय?" आतोबांनी चूळ भरली, आभाळाकडे बघितलं आणि विचारलं, "वहिनी, शेवटची कधी उपसली?" कुणालाच आठवेना. "मग ती रुसणार नाही तर काय करणार? सगळी उपसा. तळ दिसू दे तिला." दिवसभर चाळीतले बाप्ये दोन पाळ्यांत पाणी उपसत होते, आणि आतोबा धोतर खोचून काठावर बसून गाळाचा वास घेत होते.

औषधंही त्यांची घरचीच. गढुळाला तुरटी, नाहीतर माठाला आतून निवळीची बी घासायची. आंबट पाण्याला चुना. कीड असेल तर ब्लीचिंग पावडर. आणि या सगळ्याचं माप एकच: आतोबांची चिमूट. तीन बोटांची. तराजूला ते हात लावत नसत. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात एकदा पैज लागली. दुकानदाराने त्यांची चिमूट दहादा तोलली, दहाही वेळा काटा तिथेच. दुकानदाराने हात जोडले. आतोबा फक्त म्हणाले, "पाण्याला कमी चालतं, जास्त चालत नाही. हे बोटांना कळावं लागतं."

मी तेव्हा नुकता बीएस्सी होऊन परळच्या एका गिरणीत रंगखात्याला लागलो होतो. वाडीत मला सगळे नावाने हाक मारत, आतोबा "काय बीएस्सी?" असंच म्हणत. त्यात थट्टा होती आणि कौतुकही होतं, पण मला फक्त थट्टा ऐकू येई. परीक्षानळी सोडून जिभेवर भरवसा ठेवणारा माणूस सगळ्या मुंबईत मान मिळवतो आणि चार वर्षं कॉलेजात घालवलेल्या मला घरात पाणी हवं की नको तेही कुणी विचारत नाही, हे मला लागत असे.

ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं. प्रत्येक भिंतीवर घोषणा, प्रत्येक जिन्यात वाद. आमच्या वाडीचंही एक पथक होतं. तालमीचे मास्तर त्याचे म्होरके. रविवारी परळला सभा होती आणि मास्तरांचं फर्मान निघालं होतं की पथकातला प्रत्येक जण पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत पाहिजे. "आपण गिरगावचे आहोत हे लांबून दिसलं पाहिजे!"

त्याच आठवड्यात वाडीत पोटं बिघडत होती. आतोबांनी चूळ भरली आणि या वेळी आकाशाकडे न बघता मागच्या घरांकडे बघितलं. म्हणाले, "मागच्या मोरीचं पाणी विहिरीत येतंय. पिऊ नका कुणी." मोरी बांधून वर्ष झालं नव्हतं, लोक हसले. मी विहिरीचं पाणी गिरणीत नेलं, होत्या त्या नळ्यांमध्ये तपासलं आणि येऊन सगळ्यांदेखत जाहीर केलं की पाणी निर्दोष आहे. आतोबा रागावले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बीएस्सी, तुमच्या खात्यातला लाल रंग आण जरा. मोरीत टाकू. विहिरीत उतरला तर भेग आहे. नाही उतरला तर माझी जीभ म्हातारी झाली."

मी न विचारता खात्यातून रंगाचा डबा आणला. गुरुवारी आतोबांनी त्यातला रंग चिमटीत घेतला, मोरीत सोडला, वर दोन बादल्या पाणी ओतलं. "पाणी सावकाश चालतं. तीन दिवस थांबायचं. मग पांढऱ्या वाडग्यात घेऊन उन्हात बघायचं. माझ्या डोळ्यांना दिसेल एवढाच येईल." डबा मी घरी नेला.

शुक्रवारी संध्याकाळी कामावरून आलो. विहीर स्वच्छ होती. आणि मला वाटलं, हीच वेळ आहे. चिमूटभर रंग नाही उतरला तर आतोबा म्हणतील, अजून थांबू. पण डबाच ओतला आणि तरी विहीर स्वच्छ राहिली, तर पुन्हा कुणी जिभेचं नाव काढणार नाही. मोरीवर कुणी नव्हतं. मी डबा उपडा केला आणि पाणी सोडलं.

शनिवारी नळाला पाणी आलंच नाही. पहाटे अंधारात आतोबांनी कुलूप काढलं, कंदिलाच्या उजेडात पाणी पाण्यासारखंच दिसलं, आणि अख्ख्या पथकाची धोतरं, सदरे, टोप्या त्यात धुतल्या गेल्या. पाणी फिकं दिसतं म्हणून फसायचं नसतं. सूत त्यातला रंग ओढून घेतं, आणि हे वाडीत फक्त मला ठाऊक होतं. ऊन चढलं तेव्हा गॅलऱ्यागॅलऱ्यांतून गुलाबी धोतरं फडफडत होती.

दुसरे कपडे कुणाकडे होते? रविवारी पथक गुलाबीच गेलं. लालबागच्या नाक्यावर गिरणीकामगारांचा जथा भेटला, त्यातला एक जण ओरडला, "काय रे गिरगावकर, मोर्चाक इल्यात काय वराडाक?" सगळा रस्ता हसला. मास्तरांनी गुलाबी टोपी डोक्यावर घट्ट दाबून घोषणा दिली, पण तिलाही उत्तर हशाचंच आलं.

परत आल्यावर विहिरीपाशी वाडी जमली.

"रंग कुणी टाकला?" मास्तरांनी विचारलं.

"मी," आतोबा म्हणाले.

"किती?"

"चिमूटभर."

"चिमूटभर रंगात चाळीस धोतरं? अहो, चिमूट की घमेलं?"

"म्हातारा दुसऱ्या बाजूला फितूर झालाय," मागून कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा पिकला. आतोबा हसले नाहीत. त्यांनी उजव्या हाताची तीन बोटं डोळ्यांसमोर धरली आणि ती दुसऱ्या कुणाची असावीत तशी बघितली. मी खांबाला टेकून उभा होतो. डबा न विचारता आणला होता, नोकरी चार महिन्यांची होती. पण ते न बोलण्याचं नंतर शोधलेलं कारण. खरं कारण हे की मी दोनदा चुकलो होतो, आणि एकदाही कबूल करायचं नव्हतं.

पुढे मोरी खणली. आतोबा बघायला आले नाहीत, पण वरच्याच अंगाला बोटभर रुंद भेग सापडली. आतोबांचं म्हणणं खरं ठरलं होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. धोतरं लक्षात राहिली. आतोबांनी जानव्याची किल्ली सोडून मास्तरांच्या हातात दिली. दादरहून बोलावणं आलं तर "आता होत नाही" म्हणू लागले. आत्याने त्यांच्या हातून चमचा काढून घेतला तो कायमचा. "अहो, ठेवा. मी घालते. तुमच्या चिमटीचं काही खरं नाही." मीठ, साखर, स्वतःचं पोटाचं औषधसुद्धा. ते निमूट बाजूला होत. मी त्यांच्याकडे सणासुदीला जात असे, हे बघत असे, आणि श्रीखंड खाऊन परत येत असे.

मग ते दोघे मुलाकडे वडाळ्याला राहायला गेले. वाडीची विहीर बुजली, तिच्यावर फरशी बसली. आता मुलं तिथे क्रिकेट खेळतात आणि चेंडू एका जागी पडला की आवाज पोकळ येतो. मुंबईही मिळाली, महाराष्ट्रही झाला, गुलाबी टोप्यांचा किस्सा वाडीत गणपतीत रंगवून सांगितला जाऊ लागला. त्यात मीही हसत असे.

गेल्या वर्षी माझ्या खात्यातला माझगावचा एक जण म्हणाला की त्याच्या विहिरीच्या पाण्यावर साय धरते. इतक्या वर्षांनी तरी ते नाही म्हणणार नाहीत असं धरून मी अभिमानाने त्याला वडाळ्याचा पत्ता दिला. तो दोन दिवसांनी आला. "तुमचे म्हातारे काही येत नाहीत बुवा. पाणी चाखलंसुद्धा नाही. म्हणाले, माझ्या हाताने एकदा घात केलाय, आता भरवसा नाही."

मी त्याच रविवारी गेलो. आतोबा बाल्कनीत बसले होते. नमस्कार केला आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, बसलो असतो तर पुन्हा राहून गेलं असतं.

"आतोबा, तुमच्या चिमटीनंतर मी मोरीत डबा ओतला होता."

"कुठला डबा?"

"रंगाचा. गिरणीतला."

"सगळा?"

"सगळा."

"भरलेला किती होता?"

"अर्ध्याच्या वर."

"ओतलास कधी?"

"शुक्रवारी संध्याकाळी."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलू लागले. मी शिव्यांची वाट बघत होतो. "शुक्रवार संध्याकाळ... शनिवार पहाट... अरे, एका रात्रीत उतरला! मी तीन दिवस धरले होते. मग भेग वरच्या अंगाला असणार. होती ना?"

"होती. पण आतोबा, तुम्हाला सगळे हसत होते तेव्हा मी तिथेच उभा होतो. बोललो नाही."

त्यांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला. मग तीन बोटं एकमेकांवर घासून म्हणाले, "मला वाटलं, वय झालं." आणि एकदम आवाज खाली आणून, "हे मला सांगून काय उपयोग, बीएस्सी? आत जाऊन सांग. इतकी वर्षं चहात साखर घालू दिलेली नाही तिने मला."

आत्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. "बस ना, चहा टाकते," म्हणाली. मी बसलो नाही. आतोबा काठी टेकत येऊन माझ्या मागे उभे राहिले होते.

"आत्या," मी म्हणालो, "त्या वेळी मोरीत रंगाचा सगळा डबा मी ओतला होता. आतोबांची चिमूट बरोबर होती. मी भ्यालो आणि बोललो नाही."

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि बघतच राहिली. मग मी बाजूला सरकलो, म्हणजे दोघं मला दिसतील असा, आणि त्या दोघांना मिळून म्हणालो, "चुकलं माझं. मला क्षमा करा."