गिधाडबर्डीचा तिसरा दगड

आधीच सांगते, मला सहानुभूतीच्या कमेंट नकोत. या ग्रुपवर असले किस्से आले की खाली जाऊन "पुरावा काय?" म्हणून भांडणारी बाई ती मीच. घाटंजीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दारावर लिंबू-मिरची दिसली की काढून फेकते. आणि आज मीच हे लिहायला बसले, म्हणून डोकं आणखीच तापलेलं आहे.

आम्हा तिघांना एक खूळ होतं. मी, माझा नवरा प्रफुल्ल आणि माझा धाकटा भाऊ मंगेश. यवतमाळ जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यातली सगळ्यात उंच जागा गाठायची. किल्ले नाहीत, धबधबे नाहीत... नुसत्या बोडक्या टेकड्या. रस्ता नसतो, वर पाणी नसतं, मोज्यात गेलेली कुसळं आठवडाभर टोचतात. यादी मंगेशनं केलेली, वही त्याची, हट्टही त्याचाच.

दोन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात हा शहाणा उमरखेडकडच्या एका टेकडीवर एकटा गेला. कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही. पाय मुरगळून वरच पडून राहिला, तिसऱ्या दिवशी सापडला. डॉक्टर म्हणाले, पायानं नाही गेला, पाण्यावाचून गेला. निघताना एक मेसेज टाकला असता तर! लोक म्हणतात, ही अजून रडली नाही. रडू कुठून येणार? मला त्याचा इतका राग येतो की दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही.

यादीत एकच टेकडी राहिली होती, आमच्याच तालुक्यातली गिधाडबर्डी. प्रफुल्ल म्हणाला, वही पूर्ण करू. मी नाही म्हणत होते, पण एप्रिलमधल्या एका रविवारी पहाटेच निघालो. डांबरी रस्ता संपला की पायथ्याच्या तांड्यापर्यंत मुरूम, पुढे दोन किलोमीटर कोरडा नाला, मग खिंड. खिंडीच्या वर तर हाता-पायांनीच चढायचं.

तांड्याच्या पुढे नाल्याच्या तोंडाशी एका पळसाखाली सपाट शिळा आहे. तिथं देवसिंगबाबा शेळ्या घेऊन उभे होते. सत्तरी सहज ओलांडलेली, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी आम्हाला थांबवलं आणि तिथला नियम सांगितला. बर्डीवर जाणाऱ्यानं शिळेवर आपला एक दगड ठेवायचा, खाली आल्यावर आपल्या हातानं उचलून फेकायचा. मोहफुलाला जाणारे, डिंकाला जाणारे, गुराखी, सगळे पाळतात. दगड राहिला म्हणजे माणूस वर राहिला. मग ज्याला दिसेल त्यानं शोधायला जायचं, कारणं सांगायची नाहीत.

मला हे फार आवडलं. देव नाही, धर्म नाही, साधी हजेरी. मंगेशच्या त्या टेकडीखाली अशी एखादी शिळा असती तर... असो.

मी एक दगड ठेवला, प्रफुल्लनं एक ठेवला. बाबा शेळ्यांमागे गेले. मी बुटाची लेस बांधून वर पाहते तर शिळेवर तीन दगड.

"हा कोणाचा?"

प्रफुल्ल खाली बघत म्हणाला, "मंगेशचा. आपण नेहमी तिघंच जात होतो ना."

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, जिवंत होता तेव्हा सांगून गेला नाही, आता त्याची हजेरी तू लावून राह्यला? ही नाटकं घरी करायची. मी तणतणत पुढे निघाले. तो दगड तेव्हाच उचलून फेकायला हवा होता. रागाच्या भरात राहिला.

वर काही झालं नाही. हे मुद्दाम लिहिते. थंडगार झुळूक नाही, कुणी हाक मारली नाही, काही नाही. माथ्यावर मोजणीवाल्यांचा जुना दगडी खुंटा होता, त्याला हात लावला, वहीत टिक केली. एका वाळक्या सालईच्या झाडाखाली बसून चिवडा खाल्ला. चढ-उतार धरून तीन तास आम्ही बर्डीवर होतो. साडेअकराला खाली आलो, आपापला दगड उचलून फेकला. तिसऱ्याकडे मी बघितलंही नाही. प्रफुल्ल म्हणतो, त्याला वाटलं, राहू दे आठवण म्हणून. आठवण म्हणे!

तांड्यात देवसिंगबाबांच्या सुनेनं पाणी दिलं, ज्वारीची भाकर अन् ठेचा दिला. तासभर तरी सावलीत पडलो होतो. मग ती सहज म्हणाली, "बाबा गेले वर. तुमचा एक माणूस राह्यला ना?"

बाबांनी लांबून आम्हा दोघांना उतरताना पाहिलं, शिळेवर दगड पाहिला, आणि कुणी मागून येऊन चढला असेल असं समजून पाण्याची डबकी, म्हणजे झाकणाचा छोटा डबा, घेऊन निघाले. संध्याकाळपर्यंत वाट तरी पाहायची होती ना, असं मी विचारलं. ती म्हणाली, या उन्हात वर अडकलेला माणूस संध्याकाळपर्यंत राह्यते का?

सत्तरीचा म्हातारा भर दुपारी बर्डीवर, कुणासाठी? दोन वर्षांपूर्वी मेलेल्या माणसासाठी! प्रफुल्लला तिथं सगळ्यांसमोर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याच्या पायात गोळे आले होते. त्याला म्हटलं, तू शिळेजवळ उभा राह्य, हलू नको, अन् देवाला नाही तर कोणालाही हात जोड, पण म्हातारा खाली आला पाह्यजे. एक बाटली घेऊन मी पुन्हा चढायला लागले. नाल्यात पाय भाजत होते. डोक्यात एकच होतं, एक जण पाण्यावाचून गेला, आता दुसरा आमच्यामुळे जातो.

खिंडीत बाबा समोरून येताना दिसले. ओठ फुटलेले, डबकी रिकामी. मला पाहताच माझ्यावरच भडकले.

"कसे लोकं आहा तुमी? आपला माणूस वर टाकून खाली भाकर खात बसले?"

मी सांगायला गेले की वर कोणी नाही, तो दगड चुकून राहिला. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

"कोणी नाई कसा? सालईखाली बसून होता. पाय हा असा सुजेल. बोलेना काई. डबकी तोंडाले लावली त सारी पेला, मले थेंब नाई ठेवला. अन् बुटाले सुतळी बांधेल! म्हटलं, बावा, असल्या बुटानं बर्डी चढते का कोणी?"

मंगेशच्या उजव्या बुटाची लेस तुटली होती. नवीन घे म्हणून मी महिनाभर ओरडत होते, तो सुतळी बांधून फिरायचा. त्याला आणलं तेव्हाही पायात तोच बूट होता.

बाबांना घोटघोट पाणी पाजलं. ते म्हणाले, पोरगा खिंडीपर्यंत मागं मागं आला, वळून पाहिलं तर नव्हता, नजर चुकवून पुढे उतरला असेल. खाली प्रफुल्ल शिळेजवळच उभा होता. त्याच्यासमोरून कुणीही उतरलं नव्हतं.

मी काय सगळं तपासलं नाही? बाबांना ऊन लागलं म्हणावं तर अंगाला घाम होता, बोलणं सरळ होतं, आल्याबरोबर शेळ्या किती ते बरोबर सांगितलं. डबकी फुटकी म्हणावं तर तांड्यात भरून टांगली, थेंब गळला नाही. सुतळीचं प्रफुल्लनं सांगितलं म्हणावं तर सकाळी बाबांशी बोलताना मी शेजारीच होते. तरी घरी येऊन त्याच्याशी दोन दिवस भांडले. खोटं बोलताना तो कान चोळतो. चोळला नाही. उत्तर नसलेली गोष्ट मला अजिबात सहन होत नाही.

निघताना बाबांनी शिळेकडे बोट दाखवलं. "उचला तो. माणूस खाली आला." प्रफुल्ल पुढे झाला तर त्याला अडवलं. ज्याचा माणूस त्यानंच उचलायचा, म्हणाले. मी शिळेपाशी गेले. मग उचलला. तापलेला होता, बाकीच्या दगडांसारखाच. फेकला.

घरी येऊन मी पहिल्यांदा रडले, तेही रागानंच. त्या सालईखाली आम्ही चिवडा खाल्ला होता. सख्खी बहीण तीन तास बर्डीवर होती, तिला दिसला नाहीस, आणि अनोळखी म्हाताऱ्याच्या हातचं पाणी पिऊन गेलास? माझ्याजवळही पाणी होतं रे मंग्या. अर्धी बाटली तशीच परत आणली मी.