वाघदेवाने अडवलेली बस

त्या वर्षी माझं देवाशी बिनसलं होतं. भांडण झालं नव्हतं, अबोला होता. तोही माझ्याच बाजूने, कारण त्याच्या बाजूने तो पहिल्यापासूनच होता.

मी तेव्हा गणितात पीएच.डी. करत होते. चंद्रपूरला एका घराच्या गच्चीवर भाड्याची खोली होती. सकाळी बस पकडून घुग्घुसच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं, म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढंच मानधन. दुपारी परत येऊन प्रबंधाशी झुंजायचं आणि संध्याकाळी प्राध्यापक भरतीच्या जाहिराती शोधत बसायचं, असा माझा दिवस. घुग्घुसचा रस्ता कोळशाच्या ट्रकांचा. कॉलेजात पोचेपर्यंत माझी पांढरी ओढणी काळपट व्हायची, आणि मग चार तास शिकवून खडूने पुन्हा पांढरी. मी स्वतःला हुशार समजत होते आणि खरं सांगायचं तर मी आहेच. पात्रता परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झाले होते, दोन शोधनिबंधही छापून आले होते. पण मुलाखतीला गेले की हात हलवत परत यायची. कुठे अनुभव कमी पडायचा, कुठे माणूस आधीच ठरलेला असायचा, तर एका ठिकाणी ‘लग्न झाल्यावर तुम्ही इथे थोड्याच राहणार’ असं मला हसत हसत सांगितलं गेलं. मी चिडायची, पोटभर जेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घुग्घुसची बस धरायची.

माझं गाव आरमोरी तालुक्यातलं, धानाचं. गावाच्या शिवेवर, जंगलात शिरणाऱ्या वाटेवर वाघदेवाचं ठाणं आहे. सागाखाली शेंदूर फासलेला एक दगड, आणि त्याच्यापुढे खड्यांचा आणि सुकलेल्या डहाळ्यांचा ढीग. जंगलात सरपणाला, मोहाला, तेंदूच्या पानांना जाणारा प्रत्येक जण तिथे एक खडा किंवा हिरवी डहाळी ठेवतो आणि पुढे जातो. मीही लहानपणापासून ठेवत आले. फरक एवढाच, की गणित शिकायला लागल्यावर माझं मागणं बदललं. गणितात एक अट लिहायची राहिली की अख्खा सिद्धांत कोसळतो. त्यामुळे देवाकडे मागतानाही मी सगळ्या अटी नीट घालायची. पद कायम हवं, अनुदानित हवं, गणिताचंच हवं, चंद्रपूर-गडचिरोली या आपल्याच दोन जिल्ह्यांत हवं आणि याच वर्षी हवं. देवाला पळवाट म्हणून ठेवायची नाही. असं मागणं मी दर खेपेला मांडत गेले, आणि दर खेपेला रिकाम्या हाताने आले, म्हणून तो अबोला.

मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. आरमोरीकडच्याच एका कॉलेजात गणिताच्या एका कायम पदासाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. आणि हैदराबादच्या एका कंपनीने, जिथे मी रागाच्या भरात अर्ज टाकला होता, मला नोकरी देऊ केली. काम संगणकावर आकडेवारी चाळण्याचं, पगार भरघोस. तिथल्या अधिकारी बाईंनी हो की नाही कळवायला जी मुदत दिली, ती नेमकी मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळची. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, “हातातलं सोडू नकोस.” बाबांना विचारलं तर ते म्हणाले, “हैद्राबाद काई दूर नाई, पोरी. पण तुले काय पायजे ते तूच पाय. आमी कोठवर सांगाव?” मला काय पाहिजे ते मला चांगलं ठाऊक होतं. मला वर्गात उभं राहायचं होतं, माझ्यासारख्याच गावांतून आलेल्या पोरींसमोर, आयुष्यभर. पण कायमचं पद मिळण्याची ही शेवटची संधी दिसत होती आणि आधीच्या मुलाखतींचा इतिहास काही बरा नव्हता. त्या रविवारी गावी गेले, अबोला सोडला, आणि ठाण्यावर खडा ठेवून सगळ्या अटी पुन्हा एकदा मांडल्या.

मुलाखतीच्या दिवशी चंद्रपूरहून सकाळची पहिली बस धरली. मूल गाव यायच्या आधी जो जंगलातला पट्टा लागतो तिथे बस हळू झाली आणि थांबलीच. पुढे एक ट्रक, दोन जीपगाड्या आणि काठी आडवी धरून उभा असलेला वनरक्षक. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

“काय झालं भाऊ?” मी विचारलं.

“जनावर बसलं हाय रस्त्यावर,” कंडक्टर म्हणाला.

“वाघ?”

मी हे जरा मोठ्यानेच बोलले असणार, कारण अख्खी बस वळून माझ्याकडे बघायला लागली. शेजारी बसलेल्या बाईने माझ्या मांडीवर हलकेच चापट मारली. “नाव नाई घेत जंगलात, पोरी. शिकेल दिसतेस, आन् इतकंही मालूम नाई?” ती सावली तालुक्यातल्या एका गावची होती, लेकीचं बाळंतपण उरकून घरी निघालेली. मी तिला मावशी म्हणू लागले.

फोनला रेंज नव्हती. घड्याळ पुढे सरकत होतं आणि माझा राग वर चढत होता. मी त्याच देवापुढे खडा ठेवून आले होते. पाचही अटी तोंडपाठ घातल्या होत्या. फक्त मुलाखतीच्या दिवशी रस्त्यात वाघ बसू नये, ही अट घालायची राहिली होती! मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. मावशीने विचारलं, “काऊन रडून राह्यली?” तशी मी तिला सगळंच सांगून टाकलं. नोकरी, हैदराबाद, वाघदेव, अटी, सगळं.

ती तोंडाला पदर लावून हसली. “अवो बाई, त्याले कोणी मागते काय? मागाचं तर गावातल्या मातामाय देवीले माग. याले फक्त सांगाचं असते. मी इथून जाऊन राह्यली बाप्पा, तू तुह्या वाटेनं, मी माह्या वाटेनं. खडा ठेवाचा आन् निंगाचं. मंग तो पायते.”

आईचे ओठ ठाण्यापाशी नेहमी क्षणभरच हलायचे, हे मला आठवलं. मी तिच्या मागे उभी राहून केवढा वेळ लावायची! मला वाटायचं आईला नीट मागता येत नाही. खिडकीबाहेर साग उभे होते, पानं हलत नव्हती. मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, मी जाऊन राह्यली देवा. त्याच्यापुढे एक शब्द जोडला नाही. सवयीने एक अट जिभेवर आली होती, ती गिळली. मग काय झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. छातीवरचं ओझं कोणीतरी अलगद उचलून घ्यावं तसं वाटलं. उशीर तोच होता, वाघही तिथेच होता, पण मला घाई उरली नव्हती.

“तिथं जाऊन करनार काय आहेस?” मावशीने विचारलं.

“एक तास शिकवून दाखवायचा.”

“मंग आमालेच शिकव. बसूनच तर राह्यलो.”

मी मुलाखतीसाठी माझ्या प्रबंधातला अवघड भाग तयार करून नेला होता, समितीचे डोळे दिपावेत असा. तो बसमध्ये सांगणं शक्यच नव्हतं. म्हणून मी उभी राहिले आणि सुचलं ते सुरू केलं. बी.एस्सी.च्या मुलांना शिकवतात तो तुल्यता संबंध, म्हणजे एखाद्या नात्यावरून समूहाचे स्वच्छ गट कसे पडतात ते. म्हटलं, ज्यांची तिकिटं एकाच गावची, त्यांचं एकमेकांशी नातं आहे असं धरू. माझं तिकीट तुमच्या गावचं, तर तुमचं माझ्या गावचं. माझं तुमच्या गावचं आणि तुमचं त्या भाऊंच्या गावचं, तर माझं आणि भाऊंचंही एकाच गावचं. बघा, बसचे गट पडले. मूलवाले, सावलीवाले, गडचिरोलीवाले. नुसती ओळख हे नातं धरलं तर असे गट पडत नाहीत, कारण मी मावशींना ओळखते, मावशी त्यांच्या जावयाला ओळखतात, पण मी जावयाला ओळखत नाही.

“ओळखून फायदाबी नाई,” मावशी म्हणाली आणि बायका खळखळून हसल्या.

तेवढ्यात पुढून कंडक्टर ओरडला, “अन् मी वो म्याडम? माह्याजवळ तर तिकीटच नाई. मी कोण्या गटातला?”

“तू येस्टीचा!” मागून कोणीतरी म्हटलं. पुन्हा हशा. मीही हसले आणि म्हटलं, “भाऊ, तुमचं या हिशेबात कोणाशीच नातं नाही. अगदी तुमचं तुमच्याशीसुद्धा नाही.” तो म्हणाला, “बायकोबी हेच म्हन्ते.”

थोड्या वेळाने वनरक्षकाने काठी बाजूला घेतली. आमच्या बसमधल्या कोणालाही वाघ दिसला नाही. ड्रायव्हर मात्र शेपटी पाहिल्याचं छातीठोकपणे सांगत होता. पुढच्या वळणावर रस्त्याच्या कडेला एक ठाणं होतं. तिथे त्याने हळूच हॉर्न वाजवला आणि मावशीने हात जोडले. सावलीला उतरताना तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिचं नाव मी विचारलंच नाही, याची चुटपुट मला अजून आहे.

कॉलेजात पोचले तेव्हा मुलाखतीची वेळ कधीच टळून गेली होती. काय बोलायचं ते ठरवतच मी कार्यालयात शिरले. तर क्लार्क म्हणाला, “बसा म्याडम. विषयाचे तज्ज्ञ साहेबच आले नाई आजून. तिकडं मूलकडं जनावर बसलं म्हन्ते.” ते सर चंद्रपूरकडूनच येत होते आणि आमच्या मागेच कुठेतरी अडकले होते. मी बाकावर टेकले आणि घटाघटा पाणी प्यायले.

माझी पाळी आली तेव्हा तयार करून नेलेला भाग मी पिशवीतच राहू दिला. फळ्यावर बस काढली आणि सकाळी शिकवलं तेच शिकवलं. तज्ज्ञ सर मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “या संबंधाच्या तीन अटी तुम्ही सांगितल्या. पण प्रत्येकाचं स्वतःशी नातं हवं, ही पहिली अट वेगळी कशाला? उरलेल्या दोन पाळल्या की ती आपोआप येतेच ना?”

हा प्रश्न दिसायला साधा, पण फसवा आहे. उत्तर पुस्तकात असतं आणि मला ते ठाऊकही होतं, पण मुलाखतीत ठाऊक असलेलं तोंडात येतंच असं नाही. आधीच्या एका मुलाखतीत मी अशाच एका प्रश्नाला घाबरून ‘हो सर’ म्हणून मोकळी झाले होते. त्या दिवशी मात्र माझ्यासमोर सरळ तो खाकी कपड्यांतला बिनतिकिटाचा माणूसच उभा राहिला.

“नाही सर,” मी म्हटलं. “बसमध्ये कंडक्टरही असतो. त्याच्याकडे तिकीट नसतं. उरलेल्या दोन्ही अटी तंतोतंत पाळल्या जातात, पण त्याचं कोणाशीच नातं नसतं, म्हणून स्वतःशीही नसतं. पहिली अट नसेल तर असा माणूस बाहेर राहतो.”

सर मोठ्याने हसले. “आज तुम्हीही त्याच रस्त्याने आलात वाटतं,” एवढंच म्हणाले.

हा चमत्कार होता का, असं मला विचारलं तर मी वाद घालणार नाही. त्या रस्त्यावर वाघ पुष्कळदा बसतात आणि तो प्रश्न मुलाखतीत पुष्कळांना विचारला जातो. दोन्ही एकाच दिवशी घडणं अशक्य नव्हतं, एवढं गणित मलाही येतं. पण मी ज्याच्यावर चिडले होते त्याने मला अडवून, बसवून, माझ्याकडून तयारी करून घेतली, असं मला वाटतं आणि ते वाटणं मी सोडणार नाही.

निकाल त्या दिवशी लागला नाही. विद्यापीठाची मंजुरी यायला वेळ लागेल, असं सांगण्यात आलं. संध्याकाळी चंद्रपूरला परतताना गडचिरोलीच्या बसस्टँडवर चहा घेत असताना हैदराबादचा फोन आला. अधिकारी बाईंनी विचारलं, जॉइन कधी करताय. मी नाही म्हटलं.

“दूसरी जॉब मिल गई क्या?”

“नहीं मिली.”

“तो फिर?”

“फिर भी नहीं, मॅडम. मुझे पढ़ाना है.”

फोन ठेवला आणि लगेच बाबांना लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मंग आता?” मी म्हटलं, “आता पाहू.” बाबा म्हणाले, “ये मंग घरी. तुह्या मायनं झुणका केला.”

पुढे निवड झाली. मी त्या कॉलेजात रुजू झाले, आता शिकवते आहे, आणि आईने गावभर पेढे वाटले. आईचं म्हणणं, तो वाघ मला भेटायलाच आला होता. मी तिला नाही म्हणत नाही. पण नियुक्तीचं पत्र आलं त्या दिवसापेक्षा मला तो बसस्टँड जास्त आठवतो. शिकवणं माझं आहे, कुठे आणि कधी ते त्याचं, हे मला तिथे उभ्या उभ्या पटलं होतं, आणि ते पटवणं माझ्या बुद्धीला एवढ्या वर्षांत जमलं नव्हतं. देवाचे आभार मी त्या संध्याकाळसाठी मानते. एक नोकरी मी सोडली होती, दुसरी मिळाली नव्हती, निकाल काय लागेल ते ठाऊक नव्हतं, आणि तरी चहा गोड लागत होता.