पहिलं भजं

माझी श्रद्धा प्रसादापुरती. भूतखेत, करणी, नजर... कुणी असलं सांगायला लागलं की मी तोंडावर टिंगल करायचो. त्यामुळे विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही.

माझं काम लॅपटॉपवरचं. नाशिकचं घर सोडून एकेका शहरात महिना-दोन महिने राहायचं, गाड्यांवर, टपऱ्यांवर खायचं आणि त्याचे व्हिडिओ टाकायचे — हाच माझा जगण्याचा आनंद. गेल्या हिवाळ्यात हिंगोलीत खोली घेतली. समोरच निर्मलामावशींचं भज्यांचं दुकान, बाहेर लाकडाची चूल. मिरचीची भजी अशी, की नाकाडोळ्यांतून पाणी वाहिलं तरी हात थांबत नसे.

मावशींची एक गंमत होती. पीठ भिजवलं की शेजारच्या चहावाल्या सलीमभाईंना हाक — "भाई, जरा चाखून सांगा बरं." स्वतः कधी चाखायच्या नाहीत. आणि पहिलं भजं कढईतून निघालं की थेट चुलीत.

मला वाटलं, नैवेद्य असेल. एका दुपारी मोबाईल सुरू करून मी म्हणालो, "मावशी, आज पहिलं भजं मला द्या ना."

"ते न्हाई देत मी कुनाला. दुसरं घ्या."

"एकदाच हो!"

झारा हातात धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुमी सोताहून मागून राहिले ना?"

"हो, अगदी मनापासून."

दिलं त्यांनी. गरम लागलं, कुरकुरीत लागलं... बाकी काहीच नाही. जीभ भाजली असेल म्हणून पाणी प्यायलो, मग चिमूटभर मीठ तोंडात टाकलं. नुसती रेती. तेवढ्यात मावशींनी पिठात बोट बुडवून जिभेला लावलं आणि खदखदून हसायलाच लागल्या. "भाई! आज ओवा जास्त झाला ओ!" सलीमभाई चहा गाळायचा सोडून त्यांच्याकडे बघत राहिले.

हिंगोलीत डॉक्टर झाले, नांदेडला झाले. सगळं नॉर्मल. शेवटी मावशींकडेच गेलो.

"माझी चव गेली, मावशी."

"मला ठावं हाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"न्हाई कसं? मी नवी नवरी व्हते. सासूनं पहिलं भजं हातावर ठेवलं. मला वाटलं, लाड करून राहिली. तवापासून लेकराच्या बारशाचा घास बी मातीवानी लागला."

"मग मलाच काहून?" रागात त्यांच्याच बोलीतला शब्द माझ्या तोंडी आला.

"कुनाला देऊ वाटलं न्हाई म्हून चुलीत टाकत गेले. तुमी मागितलं. मी अजून किती दिवस चांगलं वागू?" त्यांनी एक मिरची उचलून दातांखाली फोडली, डोळे मिटले. "आता तुमी तळा, पहिलं भजं कुनाला तरी खाऊ घाला. न्हाई तर चूल हायेच. अन् रडू नका. पोट तर भरतंय ना?"

मला त्या बाईचा इतका राग आला, की भज्यांची परातच रस्त्यावर भिरकावावीशी वाटली. पण मागितलं तर मीच होतं. सामान भरलं आणि नाशिक गाठलं.

घरी कुणाला काही सांगितलं नाही. गेल्या रविवारी आई म्हणाली, "गावोगाव फिरून काय शिकलास, दाखव तरी." टाळून टाळून किती टाळणार! मिरच्यांना चीर दिली, कढई ठेवली. पहिलं भजं वर आलं तशी आई शेजारी येऊन उभी राहिली.

"दे, पहिलं मला. बघू लेकाच्या हातची चव."

मी ते सिंकमध्ये टाकलं.

आईनं पुढे केलेला हात मागे घेतला. "आईला एक भजं द्यायला जिवावर आलं होय रे?" नंतर तिनं एकही खाल्लं नाही. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

असं कसं होऊ शकतं, ते मला विचारू नका. ते भजं सिंकमध्ये टाकण्याआधी झारा क्षणभर आईच्या हाताकडे वळला होता — एवढंच मला नक्की माहीत आहे.