काहिलीला बांधलेले अप्पा

मॅडम पाण्याकडे सरळ मानेने कधी बघत नसत. डोळ्यांवर काळा चष्मा आणि मान एकदा या खांद्यावर, एकदा त्या. माकणीच्या धरणावर मासे विकणाऱ्या मावशींनी त्यांना मानेला एरंडेल चोळायला सांगितले होते. मॅडम म्हणाल्या, "मान बरी हाय मावशी. पाण्याची चमक मोडून बघतीय."

तुम्हीही अशी माणसे बघितली असतील, हसलाही असाल. मी हसायचो.

त्या उमरग्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत. मी लग्नांचे फोटो काढणारा. कॅमेरा माझा, म्हणून बरोबर जायचो. त्यांचे वडील, अप्पा, पलीकडच्या रानात जाताना बुडाले होते. आमच्याकडे धरणाचे पाणी ओलांडायला नाव कुठली, गुऱ्हाळातली जुनी लोखंडी काहील सोडतात पाण्यात. तिची दोरी अप्पा कमरेला बांधत. काहील सापडली की अप्पा सापडणार. पाणबुडे थकून परत गेले होते.

"आमच्यात जाळत न्हाईत, बसवून माती देतात," मॅडम म्हणायच्या. "अप्पा अजून पाण्यातच बसलेत."

लेन्सवरची चमक कापणारी काच वेगवेगळ्या कोनांत फिरवत एकाच जागेचे फोटो मी काढायचो. त्या ते लॅपटॉपवर एकमेकांतून वजा करत. गाळावरून आलेला उजेड विस्कटतो, लोखंडावरचा शिस्तीत राहतो. "वऱ्हाडात नवरदेव उठून दिसतो ना, तशी काहील दिसंल बघा."

पाणी निवळले त्या दिवशी मला तुळजापुरात एका लग्नाचे फोटो काढायचे होते. घाईत, वाळक्या बाभळीजवळ काच फिरवायची राहिली. सगळे फोटो एकाच कोनातले. वजा केल्यावर पडदा काळा.

"काच फिरवली ना?"

"व्हय," मी म्हणालो. त्यांनी ती जागा सोडून दिली.

उन्हाळ्यात पाणी हटले आणि बाभळीजवळच काहील उघडी पडली, गाळाने भरलेली. कडीला दोरी होती, पुढे कोणी नव्हते. दोरीवर शेवाळ होते, तुटल्या टोकावर नव्हते.

"म्हणजे आत्ताआत्तापर्यंत इथंच होते," टोक चाचपत मॅडम म्हणाल्या. "मला दिसले न्हाईत. माझंच गणित चुकलं."

काच फिरवलीच नव्हती, हे मी सांगितले नाही. त्या नोकरी सोडून हैदराबादला गेल्या, तरी नाही.

जाण्याआधी त्यांनी अप्पांच्या जागी काहिलीतला गाळ उपरण्यात बांधून रानातल्या खड्ड्यात बसवला. भस्म लावले, बेल वाहिला. मग मला पुढे बोलावले.

"तुम्ही लई हिंडलात त्यांच्यासाठी. द्या माती."

दिली. खालचा गाळ ओला होता, वरची माती खचत होती.

"घाला अजून," मॅडम म्हणाल्या. मी घालत राहिलो.